एक व्यक्ती वगळता सर्व खुशाल

कोळवण, ता. मुळशी
१४ ऑक्टोबर २००२

चि. सिप्पोरा हीस,
रूबेन आजोबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि माझी नात इस्राएलातल्या अश्दोदहून ‘आशिर्वाद’ लिहून पाठवते. ‘शी’ दीर्घ. ज्या गोष्टीवर आजोबाचा दिवस उभा आहे, तिचे नाव तरी शुद्ध असावे.

माझा नेम कसा चालतो, असे तू विचारलेस. दिवसाला शंभर बेराखा, म्हणजे आशीर्वचने, म्हणावीत, असा आपला यहुदी दंडक. भाकरी मोडताना, हात धुताना, वीज चमकताना, प्रत्येक वेळी देवाला धन्य म्हणण्याचे वाक्य ठरलेले आहे. इतर दिवशी तीन वेळच्या उभ्याच्या प्रार्थनेतच सत्तावन्न होतात. शनिवारी त्या प्रार्थनांतल्या बेराखा कमी, त्यामुळे तूट पडते आणि ती फळे खाऊन व सुवास घेऊन भरावी लागते. शेजारच्या तुकाबाईला, जी शेळ्या-मेंढ्या राखते, हे कळल्यापासून ती शनिवारी दारात उभी राहून, मास्तर, आज किती कमी पडत्यात, असे विचारते. पेरू झाडाचा म्हणून एक, भुईमुगाच्या शेंगा जमिनीतल्या म्हणून दुसरी, सोनचाफ्याच्या वासाची तिसरी. गेल्या शनिवारी तिने शेळीचे करडू हुंगायला आणले. त्या सुवासासाठी बेराखा नाही, हे तिला पटले नाही.

एक बेराखा मात्र मी अजून कधी म्हटलेली नाही. प्रिय माणूस बारा महिन्यांनंतर दृष्टीस पडले, की ‘मृतांना जीवन देणारा तू धन्य’ असे म्हणायचे. तुला पाहून सहा वर्षे झाली. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तू येशील, तेव्हा ती म्हणण्याची माझी फार इच्छा आहे. एकोणऐंशीव्या वर्षी इच्छा मोजक्याच उरतात.

लोभ आहेच, तो ऱ्हस्व होऊ देऊ नये.
तुझा आजोबा,
रूबेन म्हापगावकर

अश्दोद
६ नोव्हेंबर २००२

ती. आजोबांस,
सा. शालोम वि. वि. (‘सा.’ म्हणजे सादर. आपण साष्टांग घालत नाही, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहिते.)

तुमच्या बेराखेविषयी इथल्या धर्मगुरूंना, रब्बींना विचारले आणि पंचाईत झाली. ते म्हणाले, की वर्षभरात त्या माणसाचे पत्र आले असेल किंवा त्याची खुशाली कळली असेल, तर ती बेराखा म्हणू नये, असे बऱ्याच जाणत्यांचे मत आहे. ज्याची खबर आहे, तो आपल्या लेखी मेलेला नसतोच. तुम्ही तर मला महिन्याला दोन पत्रे लिहिता. दुसरे पहिल्याच्या दुरुस्तीसाठी असते.

म्हणून एक सुचवते. मी पुढच्या वर्षी डिसेंबरच्या दहा तारखेला येणार. तोवर आपण एकमेकांना अक्षरही लिहायचे नाही. बारा महिने भरतील आणि तुम्ही भर स्टॅंडवर ती खणखणीत म्हणाल. तुम्हांला जमेल का, याची मला शंका आहे. बाबांनी पैज लावली आहे, की फेब्रुवारीत तुम्ही वेलांटी शोधत पत्र पाठवाल.

इतकी माया एक वर्ष पुरवून वापरावी.
तुमची नात,
सिप्पोरा

कोळवण
२४ नोव्हेंबर २००२

चि. सिप्पोरा हीस अनेक आशीर्वाद.

रब्बींचे म्हणणे मान्य. नियम कळला, की तो पाळायचा. तुकाबाईला ‘रब्बी’ ऐकून पिकाचा काही प्रश्न आहे असे वाटले; तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

हे माझे शेवटचे पत्र. दूरध्वनीवर मला ऐकू येत नाही, ती सोय आपोआपच झाली. तुझ्या बाबांनी मला जरूर लिहावे. परंतु तुझ्या प्रकृतीचा, परीक्षेचा वा नावाचा उल्लेख टाळावा. पैज तुझे बाबा हरतील.

वर्षभराचे आशीर्वाद यातच मोजून घ्यावेत.
आजोबा

कोळवण
२ एप्रिल २००३

चि. सिप्पोरा हीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळताच उत्तर पाठव. महिना चुकला तरी तुझ्या बाबांनी पैज जिंकली, असे त्यांना सांग.

त्यांचे पत्र परवा आले. त्यात एक वाक्य आहे: ‘एक व्यक्ती वगळता आम्ही सर्व खुशाल आहोत.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचले. ती व्यक्ती उल्लेखातून वगळली आहे, की खुशालीतून? व्याकरण दोन्ही अर्थांना परवानगी देते. मी आयुष्यभर मुलांना असली वाक्ये शोधून दाखवली आणि आज एकाच्या आत अडकून बसलो. शिवाय तुमच्या बाजूच्या बातम्या वर्तमानपत्रात रोज येतात. दोन दिवस माझी शंभराची मोजणी सत्तरीच्या पुढे गेली नाही. भाकरी समोर होती. वाक्य आठवले नाही.

पोस्टमनकडून पत्रे घेऊन येणारी तुकाबाईच. पोरीचं कागूद का येत न्हाई, असे ती माघापासून विचारत होती. आज मी तिला सगळे सांगितले. तिने दुधाचे भांडे खाली ठेवले आणि म्हणाली, की मेलेल्याला उठवायचा मंतर म्हनायला मिळावा म्हनून जितं पोर मारून ठिवलं व्हय मास्तर, लई शिकलेलं मानूस तुमी. या वाक्यात प्रमाणभाषेपासून दहा ठिकाणी फारकत आहे. अर्थामध्ये मात्र एकही चूक सापडली नाही.

बेराखा गेली तर जाऊ दे. कशी आहेस ते कळव. अशुद्ध लिहिलेस तरी चालेल.

तुझा आजोबा

अश्दोद
१३ एप्रिल २००३

ती. आजोबांस सा. शालोम वि. वि.

मी ठणठणीत आहे. जाडही झाले आहे. बाबांनी त्या वाक्यावर एक तास घालवला होता. तुमचा नियम मोडू नये आणि तुम्ही लाल शाई काढू नये, अशा बेताने त्यांनी ते रचले. आता ते घरभर मान खाली घालून फिरतात आणि आई प्रत्येक फोनवर सगळ्यांना सांगते, की एक व्यक्ती वगळता आम्ही सर्व शहाणे आहोत.

खरे सांगते, मीही चार पत्रे लिहून पेटीत ठेवली होती. चारही सोबत पाठवते. तपासून परत पाठवावीत. डिसेंबरात येतेच. ती बेराखा बुडाली, याचे मात्र वाईट वाटते, कारण तुमची इच्छा मोडली.

तुकाबाईंना माझा नमस्कार. त्यांच्याशी नीट बोलावे.

माया आता पुरवून वापरू नये, ही विनंती.
सिप्पोरा

कोळवण
११ जानेवारी २००४

चि. सिप्पोरा हीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचे पत्र मिळाले. पिरंगुटच्या स्टॅंडवर तू उतरलीस तेव्हा माझे ओठ का हलत होते आणि आवाज का निघत नव्हता, असे तू जाताना विचारलेस. तोंडी उत्तर जमले नाही, म्हणून लिहितो.

ती बेराखा जिभेवर आली होती. म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि देवाचे नाव उगाच घ्यायचे नसते. प्रत्येक गोष्टीला वाक्य ठरलेला माणूस मी, तुझ्यासमोर वाक्यावाचून उभा राहिलो. तेवढ्यात तुकाबाई मला बाजूला सारून पुढे झाली, तिने तुझ्या कानशिलांवरून बोटे मोडली आणि काहीतरी पुटपुटली. बसच्या आवाजात तुला ते ऐकू आले नसेल. तिचे शब्द असे: आलीस बाय, लई ग्वाड झालं, देव तुला उदंड दिस ठिवू दे, आनि ह्या म्हाताऱ्यालाबी.

मी ‘आमेन’ म्हटले. दुसऱ्याच्या बेराखेला मनापासून आमेन म्हटले, की तीही आपल्या मोजणीत धरता येते. सकाळचे अकरा वाजले होते, मोजणी एकसष्टांवर होती. बासष्टावी तुकाबाईची. तुमच्या रब्बींची हरकत असल्यास त्यांनी मला लिहावे. मी उत्तर देईन.

तुझी चार पत्रे तपासली. चुका सत्तावीस. परत पाठवत नाही, माझ्याजवळच ठेवतो.

यापुढे दर महिन्याला लिहीत जा. त्यामुळे ती बेराखा मला या जन्मात कधीच म्हणता येणार नाही, हे मी नीट समजून लिहीत आहे.

तुझ्या खुशालीचा लोभी,
आजोबा