कॅमेरा नंबर सात आणि पाहुणे

१२ जानेवारी

रानात लावलेल्या कॅमेऱ्यांची कार्डं पाहिली. फोटो तीनशे चाळीस. शेळ्या दोनशे अकरा. रानडुकरं. माझे वनमजूर लालसूभाऊ, त्यांची पाठ – एकोणीस वेळा! वाघीण – शून्य.

रेंजर साहेब म्हणाले, "वीस तारखेपर्यंत एक फोटो द्या मॅडम, नाहीतर तुमच्या गस्तीच्या बीटात ‘वाघ नाही’ लिहून कॅमेरे काढतो." ठसे दाखवले, विष्ठा दाखवली, झाडावरचे ओरखडे दाखवले. त्यांना पट्टेच पाहिजेत. ‘वाघ नाही’ लिहिलं की गस्तीचे मजूरही कमी होतील. मग ती उद्या डुकरासाठी लावलेल्या फाशात अडकली तर कळणार कुणाला? रडू आलं. राग त्याहून जास्त आला.

१५ जानेवारी

लालसूभाऊ आज दोनदा रागावले. रानात उभी राहून मी "वाघीण" म्हणाले म्हणून! त्यांच्या गावात तिचं नाव घेत नाहीत. "पाहुणा म्हना ना बाई. नाव घेतलं का मंग येत नाई थो." चार वर्षं झाली इथे, तरी माझी जीभ घसरतेच.

आईचा फोन. रविवारी मला बघायला पाहुणे येणार. आरमोरीचा मुलगा, दिनेश, शाळेत क्लार्क आहे. "वर्दी नोको घालू, साडी नेस." म्हटलं, रविवारी कॅमेरा सातचे सेल बदलायचेत. आईने फोन आपटला.

१८ जानेवारी

देवा!!

पहाटेच कॅमेरा सातचे सेल बदलले आणि साडी नेसून चौकीत बसले; पाहुण्यांना शेवटी इथेच बोलावलं होतं. आई सकाळच्या बसने येऊन पोह्यांना लागली होती. अकराला लालसूभाऊ धापा टाकत आले – "बाई, पाहुणा आला! नाल्याजवळ उभा आहे. एकटाच!"

पदर खोचला, टेप आणि ठसे घ्यायच्या प्लॅस्टरची पिशवी उचलली, पळाले. नाल्यात एक मुलगा. हातात पेढ्यांचा डबा. "हलू नका!" मी ओरडले. "ठसे मोडतील!" बिचारा एका पायावर थांबला. त्याच्याभोवती वाकून वाकून वाळू पाहिली. त्याच्या बुटाशिवाय एक ठसा नाही.

"कुठी आहे पाहुणा, भाऊ?"

भाऊंनी त्याच्याकडेच बोट केलं. "हा काय. आरमोरीचा."

घरच्यांची गाडी मागे वाळूत फसली होती, म्हणून हा रस्ता विचारायला पुढे आलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं!

जेवताना त्यानेच वाघिणीचं विचारलं. मग काय, अर्धा तास मीच बोलत होते – एका फोटोसाठी सगळं अडलंय, वगैरे. आई चिमटे काढून दमली. चारच्या सुमारास त्याचं पोट बिघडलं. चौकीच्या टाकीत पाणी नव्हतं, तर बाटली घेऊन रानात गेला. बऱ्याच वेळाने परत आला, पांढराफटक पडून. सगळे लगेच निघाले. झालं, गेलं हे स्थळ.

१९ जानेवारी

वाघीण!!! कॅमेरा सात, काल दुपारी चार बेचाळीस. डाव्या कुशीचे पट्टे अगदी स्वच्छ. चौकीत एकटीच नाचले.

पण त्याच फोटोत, तिच्यापुढे पंधरा पावलांवर, दिनेश. तिच्याकडे पाठ करून बसलेला. बाटली शेजारी.

साहेबांना विचारलं, फोटो थोडा कापून पाठवू का? "मूळचाच पाहिजे मॅडम. कापलेला चालत नाही." म्हणजे गडचिरोलीच्या ऑफिसात टेबलाटेबलावर हा माणूस पोचणार! पाठवला तर त्याची अब्रू जाते. नाही पाठवला तर माझी वाघीण कागदावरून जाते.

आईला फोनवर सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "वाघीन पाठीमागं असून जो मानूस चूप बसते ना, थो तुह्यासंग टिकते. सोडू नोको त्याले."

तिला काय, मजाच वाटते. मला झोप नाही. उद्या शेवटची तारीख.

२० जानेवारी, सकाळ

त्यालाच फोटो पाठवला. लिहिलं – तुम्ही नाही म्हणालात तर हा कुणालाही दाखवणार नाही. लिहिताना कान तापले.

२० जानेवारी, दुपार

त्याचं उत्तर आलं. "पाठवा. ती मागं आहे हे मले माहीत होतं. लय घाबरलो होतो. पन उठलो असतो तं ती पळाली असती, अन् झाडावरच्या कॅमेऱ्यातला तुमचा फोटो गेला असता."

साहेबांना फोटो पाठवला. मग आईला फोन करून हो म्हटलं.