फाट्यावरचा फ्लेक्स

शिरूर, रविवार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला की तू ‘अभ्यासिकेत आहे’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हा खटाटोप. आप्पांचं आणि माझं वाजलंय, आणि या वेळी मी माघार घेतलेली नाही. कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

महिन्यापूर्वी आप्पांनी इथे शिरूरला मामांना फोन करून माझा फोटो मागवला. मला वाटलं बँकेचं काही काम असेल. निघाला फ्लेक्स. माझ्या वाढदिवसाला कासुर्डी फाट्यावर लावायला. वर गावातले झाडून सगळे पुढारी, मधे मी, डोक्यावर दुकानदाराने चिकटवलेली पोलिसाची टोपी आणि खाली ‘भावी फौजदार कु. नीलम’. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षेचा अर्जसुद्धा भरलेला नाही. मला फौजदार व्हायचंय हे मला त्या डिझाइनवरून कळलं.

मी घरी गेले आणि सांगितलं, हा लागणार नाही. आप्पा म्हणाले, “आगं, चारचौघांत नाव लागलं की जिद्द येती. तुझ्या दादाचं न्हाई का लावलं?” आणि बोलून गेल्यावर उठून गोठ्याकडे गेले. आई भाकरी थापायची थांबली. तुझं नाव निघालं की आपल्या घरात हल्ली असंच होतं.

तू पूर्वपरीक्षा पास झालास तेव्हा पेढ्यांआधी फाट्यावर फ्लेक्स लागला होता, आठवतंय? चुलतभावाच्या लग्नातला फेटेवाला फोटो. मीच मैत्रिणींना धरून धरून दाखवला होता. मुख्य परीक्षा हुकली, पुढच्या वर्षीचीही हुकली. उन्हाने फ्लेक्सवरचा तुझा चेहरा पांढरा पडला, पण काळ्या अक्षरातलं ‘भावी तहसीलदार’ तसंच ठसठशीत राहिलं. तू फाटा टाळून यवतला उतरून शेताच्या वाटेने घरी यायला लागलास. आम्ही म्हणायचो, चालायची हौस आहे त्याला. मग दिवाळीलाही आला नाहीस.

आमच्या कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं. बाईंनी विचारलं, स्पर्धा परीक्षा कोण देणार? जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर. माझाही. मग त्यांनी विचारलं, ज्या खुर्चीवर बसायचंय तिथला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, ते कोण सांगेल? एकेक करून हात खाली आले. खोटं कशाला सांगू, मला राग आला. त्या बाईंचा नाही, आपल्या सगळ्यांचा. आपण बैल घेताना त्याचे दात बघतो, आणि आयुष्याचं काम न बघताच नक्की करतो.

म्हणून मी बघायला गेले. ज्ञानेश्वरी माझ्या पुढच्या वर्गात होती, आता कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. सांडपाणी बाहेर सोडण्याआधी तपासायचं, हे तिचं काम. तिची शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर मी तिला नको नको ते विचारलं: वास सहन होतो का, साहेब कसे आहेत, कंटाळा येतो का. येतो म्हणाली, पण पाणी नापास केलं की अख्खा प्लांट तिच्या सहीसाठी थांबतो. मला ते आवडलं. तिच्या साहेबांना मीच फोन केला आणि या सुट्टीत मी तिथे शिकायला जातेय.

आप्पा म्हणाले, “पोरीनं शिफ्टा करायच्या व्हय? लोकं काय म्हणतील?” मी म्हटलं, लोकांना वाचायला फ्लेक्स लागतो आप्पा, मला काम लागतं. जमेल, नाहीतर नाही जमणार. नाही जमलं तर दुसरं बघेन, अजून माझी पदवीही व्हायचीय. चुकायचंच असेल तर आत्ताच चुकू दे. उद्धट म्हणाले मला. म्हणू देत.

तू परीक्षा सोड असं मी सांगत नाही. तुला मनापासून ती खुर्ची हवी असेल तर आणखी दहा वेळा बस, मी डबा पोचवीन. पण अख्ख्या वस्तीच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत हिंडायचास तू, हात काळे आणि तोंडात शीळ. तुला काय हवंय हे घरात कुणी एकदा तरी विचारलं का रे? मीही नाही विचारलं. आता विचारतेय.

आणि ज्यासाठी लिहायला बसले ते आता सांगते. माझा फ्लेक्स छापलाच गेला नाही. पण काल दुपारी मी शिडी घेऊन फाट्यावर गेले आणि तुझा उतरवला. आईने काही न विचारता शिडी धरली. चार माणसं जमली, त्यात आप्पाही. मला वाटलं आता ओरडतील. मी विळा काढला तेव्हा खालून एवढंच म्हणाले, “दोरी कापू नगं. सोड. कामाला येती.” संध्याकाळी त्यांनीच तो कडब्याच्या गंजीवर टाकला, छापलेली बाजू खाली करून. तेव्हा आता यवतला उतरू नकोस. फाट्यावर उतर, भर दिवसा. तिथे आता नुसते दोन खांब आहेत.

कुणाचीच भावी नसलेली,
तुझीच
नीलम