काटा शून्यावर

नाशिक,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय शफी सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि कौसरकाकू मजेत असाल. काकूंचा गुडघा आता काय म्हणतो? आमच्याकडे देवळ्याला सगळं ठीक आहे. दिवाळीत पप्पांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान जोरात चाललं. गिऱ्हाईक पिस्टन रिंग मागतं आणि पप्पा आधी मोबाइलमधला माझा विमानाजवळचा फोटो दाखवतात. रिंग नंतर.

मार्चपासून मी आपल्याच फ्लाइंग क्लबमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. तुम्ही क्लब सोडल्याला दोन वर्षं झाली, तरी मी ‘आपला’ लिहिते आहे. राहू दे.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर मी हवापाण्याचं विचारते आणि ठेवून देते. दोनदा तसं झालंय.

तर मंगळवारची गोष्ट.

निकिता नावाची नांदगावची मुलगी माझ्याकडे शिकते. वीस वर्षांची आहे आणि हिशेबाला पक्की. धावपट्टीभोवतीची एक चक्कर म्हणजे सहा मिनिटं, सहा मिनिटं म्हणजे चौदाशे रुपये, हे तिनं पहिल्याच दिवशी वहीत मांडलं. लँडिंग बिघडलं की बाकीची मुलं रडतात, ही गुणाकार करते. म्हणून मीही तिला आपले चीफ इन्स्ट्रक्टर वाल्मीक सर यांच्या पद्धतीनं शिकवत होते. उतरताना वेगाचा काटा पासष्टवर धर, तो आकडा सांभाळ, बाकी विमान बघून घेतं. या पद्धतीनं मुलं लवकर तयार होतात, तास कमी लागतात. तुमचं याला काय म्हणणं आहे ते मला ठाऊक आहे.

सकाळी नऊची वेळ. हवा शांत, खाली द्राक्षबागांवर कोवळं ऊन. निकिता चालवत होती, आम्ही हजार फुटांवर होतो. वळण घेतलं आणि काटा खाली यायला लागला. सत्तर, पन्नास, तीस. मग सरळ शून्य.

“मॅडम, आपण पडतोय?” असं म्हणत तिनं विमानाचं नाक खाली दाबलं. तिचं चुकलं नाही. काटा खाली गेला की नाक खाली, हे मीच शिकवलं होतं. वाऱ्याचा आवाज एकदम वाढला. मी कंट्रोल घेतलं आणि नाक वर आणलं. इंजिन ठणठणीत होतं, पंख आपलं काम करत होते. फक्त आकडा गेला होता.

रेडिओवर वाल्मीक सर होते. मी सांगितलं, “सर, वेगाचा काटा बंद पडलाय, परत येतेय.”
“घाबरू नकोस. पासष्ट धर आणि ये.”
“सर, काटा शून्यावर आहे.”
मग हळूच आवाज आला, “हां. ते पण आहे.”

आता हसू येतंय. तेव्हा नव्हतं आलं. आणि खरं सांगते, मला तुमची आठवण आली. तुम्ही त्या काट्यावर कागद चिकटवायचात आणि म्हणायचात, “पंखाला वेग कळत नाही बेटा. हवा कुठून येते, तेवढंच त्याला कळतं. पंख आणि हवा यांच्यातला कोन फार वाढला, तर ऐंशीच्या वेगालाही विमान पडेल. कोन सांभाळलास तर आकड्याची गरज नाही.” मग क्षितिजाच्या खाली नाक किती, इंजिनचे फेरे किती, कोन फार वाढला की वाजणारी पंखाची धोक्याची शिट्टी कधी वाजते, हे तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलंत की मला स्वप्नात शिट्टी ऐकू यायची.

पहिल्या वेळी मी जोरात आले. धावपट्टी अर्धी संपली तरी चाकं टेकेनात. पुन्हा वर गेले. दुसऱ्या वेळी नाक थोडं वर धरलं, दांडा हातात जड व्हायची वाट पाहिली आणि शिट्टीची पहिली कुणकुण लागली तेव्हा चाकं टेकली. निकिताचे डोळे मिटलेलेच होते. विमान थांबल्यावर ते उघडून तिनं पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, हा तास माझ्या नावावर लागणार का?”

मी इतकी हसले की मला खाली उतरता येईना.

वेगाच्या काट्याला हवा पोहोचवणाऱ्या पंखाखालच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. उडताना ते सुटून तोंडाशी अडकलं. सकाळी नळी तपासायचं काम माझं. मी पाहिली होती, पण वाकून आत पाहिलं नव्हतं. तसा रिपोर्ट मी दिलाय.

दुपारी कँटीनमध्ये जुना वाद पेटला. आपल्या मेकॅनिक महेशनं बशीचा पंख केला आणि समोशाच्या बाजूनं हवा आणली. “हे बघा, कोन! शफी सर हेच सांगत होते.” वाल्मीक सर म्हणाले, “आकड्यावर मी शंभर पोरं सुखरूप उतरवलीत. नळीत माशी रोज शिरत नाही.” मी म्हटलं, “पण आज शिरली.” त्यावर ते म्हणाले, “मान्य. कोन शिकवायला पाच तास जास्त लागतात. त्याचे सत्तर हजार कोण देणार? तुझे पप्पा?”

सगळे हसले. मला हसता आलं नाही.

सर, ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते आता लिहिते. तुमच्याविरुद्धची ती निनावी तक्रार मी केली होती.

‘शफी अत्तार सर काटा झाकून मुद्दाम तास वाढवतात, यात त्यांचा काही फायदा आहे का, याची चौकशी व्हावी.’ हे वाक्य मला तोंडपाठ आहे. तास वाढत होते, हे खरं. फायद्याचं मी पदरचं घातलं, कारण त्याशिवाय कोणी लक्ष देणार नाही असं वाटलं. तुमचा पगार ठरलेला आहे, एका तासानं तो एक रुपया वाढत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. क्लबनं पुढे तुमचा करार वाढवला नाही. निरोपाच्या दिवशी तुम्ही मला तुमचं विमानाचं जाडजूड पुस्तक दिलंत आणि मी ते घेतलं.

मी स्वतःला सांगत आले की पप्पांच्या पैशासाठी केलं. पप्पा कधी एका शब्दानं बोलले नव्हते. खरी गोष्ट एवढीच की आमच्या बॅचमध्ये सगळे शिक्षकाशिवाय एकटे उडाले आणि मी शेवटी राहिले. लाज वाटायची. ती लाज मी तुमच्या नावावर टाकली.

बुधवारी हे सगळं लिहून, सही करून मी वाल्मीक सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.
“शफीला सांगितलंस?”
“नाही.”
“मग हे राहू दे इथे. आधी तिकडे लिही.”

क्लब माझं काय करेल ते करो. तुम्ही परत यावं म्हणून मी हे लिहीत नाही, तसं म्हणायला मला तोंड नाही. पण निकिता विचारतेय, कागद लावून शिकवणारे सर कुठे राहतात. पत्ता द्यायचा की नाही, तेवढं कळवा. नाही कळवलंत, तरी मला समजेल.

काकूंना नमस्कार सांगताना माझं नाव घ्यायचं की नाही, हे तुमच्यावर सोडते.

तुमच्यामुळे सुखरूप उतरलेली,
तृप्ती देवरे


देवळाली कॅम्प,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

बेटा तृप्ती,
दुआ.

पत्र बुधवारी मिळालं. कौसरनं मोठ्यानं वाचलं. त्या ओळीपाशी ती थांबली. मी म्हटलं, वाच पुढे.

मी फार चिडलो. दोन दिवस चिडलेला होतो. दोन वर्षं मी विचार केला, कोणी केलं असेल? चार जणांवर संशय घेतला. महेशशी तर बोलणंच टाकलं. ईदला शीरखुर्मा खायला आला, तर दारातून परत पाठवला. आता त्याची माफी मला मागायची आहे, आणि तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहणार आहेस. ही तुझी शिक्षा.

आता दुसरी बाजू. मी शिकलो फौजेत. पेट्रोल सरकारचं. पोरांच्या डोक्यात रिक्षासारखं मीटर पळतंय, हे मला कधी दिसलंच नाही. तास का वाढतोय, अजून किती वाढेल, हे मी तुझ्याशी आणि तुझ्या पप्पांशी बसून बोलायला हवं होतं. तेवढं तुझ्या तक्रारीत खरं होतं. बाकी नव्हतं, हे तू स्वतःच लिहिलंस.

काल वाल्मीक घरी आला. माझ्याच घरी बसून, माझाच चहा पिऊन दोन तास माझ्याशी भांडला. आकडा, कोन, आकडा, कोन. कौसर म्हणाली, दोन वर्षांत तुमचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. शेवटी ठरलं ते असं. कोनाचे तीन तास पहिल्या दिवशीच फीमध्ये सांगायचे. बाकी दोन तास जमिनीवर, उभ्या विमानात बसून, फुकट. आठवड्यातून दोन दिवस मी येणार. तुझी नोकरी राहील, असं तो म्हणाला. मी मध्ये पडलो नाही, खोटं कशाला सांगू.

निकिताला पत्ता देऊ नकोस, मीच येतो. आणि पहिल्या वेळी तू जोरात का आलीस, ते पत्रात लिहिलं नाहीस. मी सांगतो. भीती वाटली की माणूस नाक खाली ठेवतो. त्यावर काम करावं लागेल.

थोडा राग शिल्लक असलेला, पण गुरुवारी सकाळी आठला धावपट्टीवर हजर असणारा,
तुझा शफी सर