पानावर आहे तेवढंच

स्लेट फोर्क, केंटकी
४ फेब्रुवारी २०१६

ती. ऑर्फाआत्यास डेलीनाचा सा. न. वि. वि.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत पुन्हा नापास! गणित, शास्त्र बरं गेलं, घात केला तो उताऱ्यांनी. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं आणि मी तिसरीतल्या पोरीसारखी ओठ हलवत वाचत बसते. शेवटचे दोन उतारे तर उघडलेसुद्धा नाहीत. नर्सिंग कॉलेजच्या बाई म्हणाल्या, आता एप्रिलमध्ये तिसरी संधी, या वर्षातली शेवटची. ती हुकली तर आहेच आपला वृद्धाश्रम, म्हाताऱ्यांना उचलणं आणि चादरी बदलणं. कामाची लाज नाही गं मला. पण छत्तिशीतच कंबर गेली, पुढे काय करू?

तू जन्मभर नर्स होतीस. वाचायचं कसं ते लिहून पाठव. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

बाबांनी खाण सोडून वर्ष झालं, तरी खोकला हटत नाही. दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला मोठा डाग आहे म्हणे, पण धुळीपासून लांब राहिलं की विरेल असं डॉक्टर म्हणाले. असं बाबा सांगतात, कारण आत जाताना मला बाहेर बसवतात. विरतो ना गं तो? नक्की कळव.

लोभ आहे तसा असू दे, ओरडणं तेवढं कमी कर.

तुझी
डेलीना


डेटन, ओहायो
११ फेब्रुवारी

चि. डेलीनास अ. उ. आ.

रडून झालं असेल तर डोळे पूस आणि नीट वाच. आधी प्रश्न बघायचे, मग उतारा. काय आणायचं ते ठाऊक असलं की माणूस दुकानात भटकत नाही. ओठ हलतात ना? दातांत पेन्सिल धर. एखादा प्रश्न अडला तर त्याच्या दारात धरणं धरून बसू नकोस, पुढे हो. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळेच’ असं छातीठोक बोलणारं उत्तर दिसलं की आधी संशय घे. आणि वेळ संपत आली तर काहीतरी ठोकून दे, रिकामं ठेवण्यात कसलं शहाणपण!

सरावाचा एक पेपर सोडवून पाठव. चुकलेलं खोडू नकोस, मला तेच बघायचंय.

तुझ्या बापाला, हर्शेलला म्हणावं, उशा उंच घेऊन झोप, आणि घरात कोळशाची शेगडी पेटवू नकोस. ऐकणार नाही, लहानपणापासून हट्टी आहे. माझे पाय सुजतात, बाकी ठीक.

तुझी खडूस
आत्या


स्लेट फोर्क
९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पेन्सिल चावून चावून तिचा पार भुगा झालाय. बाबा म्हणतात, घोडीला लगाम बसला. ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून समोर बसतात आणि वेळ संपली की असे ओरडतात की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. मग खोकल्याची उबळ येते, ते वेगळंच.

पेपर सोबत आहे. आता वेळेत होतो, पण उत्तरं चुकतात. म्हाताऱ्यांच्या झोपेचा उतारा बघ. त्यात लिहिलंय की गरम दुधाचा उपयोग नाही. अगं, आश्रमातल्या म्हाताऱ्यांना मी रोज रात्री पाजते ना, बाळासारख्या झोपतात! मी तसंच उत्तर दिलं, ते चूक निघालं. बाबा म्हणाले लिहिणाराच गाढव असेल.

यंदा शेंगांचा मोठा वाफा करणार म्हणतात, बी काढून ठेवलंय. पण टपालपेटीपर्यंत गेले तर परत येताना दोनदा बसावं लागतं. नखं जांभळी दिसतात. त्या डागाबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. विसरलीस की म्हातारी झालीस?

तुझ्या मायेची सवय झालेली
डेलीना


डेटन
१७ मार्च

चि. डेलीनास अ. उ. आ.

तुझं वाचन सुधारलं, आता तुझं शहाणपण आडवं येतंय. पानावर आहे तेवढंच खरं, ही गाठ मार. उताऱ्यात कोंबडीला चार पाय असतील तर त्या तासापुरते चारच पाय. तुला काय ठाऊक आहे, काय व्हावंसं वाटतं, ते सगळं चिखलाच्या बुटांबरोबर ओसरीवर सोडून आत जा. नाहीतर तिसऱ्यांदाही आपटशील, मग मला सांगू नकोस.

हर्शेलचं परीक्षेनंतर. मी येईन, चार दिवस राहीन, सगळं बोलू. तोवर त्याच्यापुढे हा विषय काढू नकोस. एवढं ऐक माझं, पोरी.

तुझ्या भल्याचंच बघणारी
आत्या


स्लेट फोर्क
१६ एप्रिल

ऑर्फाआत्या,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

पास झाले. निकाल तिथेच पडद्यावर दिसतो. वाचनात एकही उतारा सुटला नाही.

तिसरा उतारा खाणकामगारांच्या फुप्फुसांवर होता. तुझ्या शिकवणीप्रमाणे मी आधी प्रश्न वाचला. एका माणसाच्या फुप्फुसांत वरच्या बाजूला मोठा डाग आहे, त्याने वर्षापूर्वी खाण सोडली, तर उताऱ्यावरून काय म्हणता येईल? पहिलंच उत्तर होतं, विश्रांतीने डाग विरेल. माझं बोट तिथे गेलंसुद्धा. मग उतारा वाचला. बारीक ठिपके असले तर बरेचदा तिथेच थांबतात. ते जुळून मोठा डाग झाला की धूळ सुटली तरी वाढत राहतो, आणि त्याला मागे फिरवणारं औषध नाही. मी पुन्हा वाचलं, ओठ हलवत. घड्याळ पळतच होतं. शेवटी ‘वाढत जाईल’ यावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेले. माझ्या बापाच्या मरणाचा मला एक गुण मिळाला, आत्या.

तुला माहीत होतं. मी दोनदा विचारलं आणि तू मला कोंबडीचे पाय सांगितलेस! बाबांनीच तुझं तोंड बांधलं असणार, तेवढं कळतं मला. तरी राग जात नाही.

घरी आले तर बाबा ओसरीवर, शेंगांचं बी भिजत घालत बसले होते. पास म्हटल्यावर त्यांनी टोपीच उडवली. उतारे कशावर होते, विचारू लागले. मी म्हटलं, एक मधमाश्यांवर होता, एक दीपगृहावर. तिसरा कशावर, म्हणाले. म्हटलं, आठवत नाही. असल्या विसराळू पोरीला नर्स कोण करणार, म्हणून हसले, आणि हसता हसता उबळ आली. ती थांबेपर्यंत मी पाठीवर हात ठेवून उभी होते. मग त्यांनी विचारलं, वाफा कुठे करू. मी विहिरीजवळची जागा दाखवली.

तू आता ये. मला एकटीला एवढं खोटं बोलवत नाही.

डेलीना