उजवं वळण, डावा कठडा

मी, शेवटी सही करणारा, वय सहासष्ट, अविवाहित, धंदा मोटरसायकल दुरुस्तीचा आणि गेली बावीस वर्षं दर रविवारी सकाळी लोकांना डोंगरातल्या रस्त्यावर गाडी नीट वळवायला शिकवण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. शुद्धीबद्दल पुढे वाद नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकावन्नपर्यंत मी बिनचूक गेलो. पुढचा आकडा त्यांनाही चटकन येईना, तेव्हा त्यांनी दाखला लिहून दिला. फुप्फुसांबद्दल मात्र त्यांनी आडपडदा ठेवलेला नाही, म्हणून ही घाई.

याआधी मी कुठे काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं. व्यवस्थापक म्हणून मी माझ्या वकीलबाईंना नेमत आहे.

१. वर्कशॉप आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. त्या माझ्यामागे माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीला, म्हणजे माझ्या भावजयीला, पूर्ण मालकीने मिळाव्यात. मागच्या खोलीची खिडकी फुगलेली आहे. आधी आत दाबावी, मग ओढावी.

२. हत्यारं शेजारच्या वेल्डरला द्यावीत. अकरा वर्षांपूर्वी नेलेला ग्राइंडर त्याच्याकडेच आहे, तोही यातच धरावा, मागून मागून माझं तोंड दुखलं. "हा माणूस गाडी चालवता चालवता मागे बघतो, याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय," असं तो चार लोकांत बोलत असे. त्याचा राग मी बरीच वर्षं धरला. आता सोडतो, कारण मी मागे बघत होतो हे खरं आहे.

३. माझी चालती मोटरसायकल आणि शिकवण्याची वही माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला द्यावी. वही तिने रविवारच्या मंडळींना वाचू द्यावी. अक्षर लागत नाही अशी तक्रार आहे, म्हणून मुख्य गोष्टी इथे पुन्हा लिहितो.

वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. गिअरही आधीच. उजव्या वळणाला आपल्या बाजूच्या डाव्या कडेने शिरायचं, म्हणजे पुढचं लवकर दिसतं. डाव्या वळणाला रस्त्याच्या मधल्या रेघेजवळून शिरायचं. उजव्या वळणात गाडी कलल्यावर आपलं डोकंही रेघेपलीकडे जाता कामा नये. समोरून येणाऱ्याला आपल्या डोक्याशी काही देणंघेणं नसतं. वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत वळायची घाई करायची नाही. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हळूच पुढे दाबायचं. पहिल्यांदा कोणाचाच यावर विश्वास बसत नाही. रेस बारीक आणि सारखी ठेवायची. पुढे रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तिथे नजर ठेवायची. ती जागा पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. ती जागच्या जागी थांबली तर वळण आवळतंय, आणि तुम्ही जोरात आहात.

आणि नजर जिथे, गाडी तिथे. पुढच्याच्या पाठीकडे बघत कधीही वळायचं नाही. हे वाक्य मी वहीत प्रत्येक पानावर लिहिलं आहे. का, ते कलम पाचमध्ये आहे.

४. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली धाकट्याची मोटरसायकल आहे. पुढचं चाक धरणारा फोर्क वाकलेला आहे, तो मी सरळ केला नाही. ती कोणाला विकू नये, सुटे भागही काढून देऊ नयेत. पुतणीने सांगितल्यावरच तिचं काय ते करावं.

५. हे कलम मालमत्तेचं नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी आणि धाकटा डोंगरातून खाली येत होतो. त्याला गाडी घेऊन चार महिने झाले होते. त्याच्या इंजिनाचा टॅपेट सैल होऊन टकटक वाजत होता. "दादा, आज तरी बसवून दे," तो वरच्या टपरीवर म्हणाला. मी म्हणालो, "घरी गेल्यावर बसवतो. वळणांची काळजी करू नकोस. माझ्या मागे ये, माझ्या पाठीवर नजर ठेव, मी जातो तसा ये." मी तेव्हा स्वतःला फार मोठा समजत होतो.

जुन्या पाणपोईच्या पुढचं उजवं वळण आत गेल्यावर आवळतं. मला ते माहीत होतं. तरी मी जोरात शिरलो, कारण मागे तो बघत होता. वळण आवळलं आणि मी घाबरून ब्रेक दाबला. कललेली गाडी ताठ उभी झाली आणि सरळ डाव्या कठड्याकडे निघाली. एक वीतभर राहिलं असेल. मी ब्रेक सोडला, नजर ओढून वळणाच्या शेवटाकडे नेली, हँडल दाबलं आणि वळलो. धाकट्याला माझा ब्रेकचा दिवा दिसला, त्यानेही ब्रेक दाबला. त्याला मी पाठीवर नजर ठेवायला सांगितलं होतं. माझी पाठ कठड्याकडे चालली होती. मी वळलो, तो तिकडे गेला.

चौकीत हवालदाराने लिहिता लिहिता विचारलं, "ओव्हरटेक करत होता का तो?" मी म्हणालो, "हो."

मी एवढंच बोललो. बाकीचं वाक्य त्यांनीच लिहिलं. कागदोपत्री आजही तसंच आहे, की चालकाने वळणावर पुढे जाण्याचा उतावीळपणा केला. खरी हकीकत लिहून, सही करून, मी चौकीत दिली आहे. पोच वकीलबाईंकडे आहे.

६. त्यानंतर वर्षभर मी गाडीला हात लावला नाही. पुन्हा चालवू लागलो तेव्हा पहिल्याच वळणावर मागून टॅपेट वाजला. मी कारागीर आहे, मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, इंजिनं राहतात. ते त्याचंच होतं. आरशात रस्ता मोकळा होता. सरळ रस्त्यावर आवाज नसे. वळणात मात्र दोन गाड्यांचं अंतर ठेवून तो मागे येई, वळण संपलं की थांबे.

मी आरसे आत वळवून पाहिले, कानात कापूस घातला. शेवटी लोकांना शिकवायला लागलो. शिकवताना मी सगळ्यांना पुढे घालून स्वतः शेवटी राही. लोक म्हणत, उस्तादांना आमची काळजी. तसं नव्हतं. माझ्या पाठीकडे बघणारं कोणी मागे नको, एवढंच. तरीही माझ्या मागे एक गाडी असेच.

७. पुतणी दोन वर्षांची होती तेव्हा बाप गेला. ती आता दातांच्या कवळ्या बनवते, हात अतिशय स्थिर आहे. तिच्या आईने घरात मोटरसायकलचं नावही काढू दिलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःचं हेल्मेट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, मला वळणं शिकवा."

"आईला विचारलंस?"

"विचारलं असतं तर इथे आले असते का?"

मी भावजयीच्या पाठीमागे तिला शिकवलं. हा माझा दुसरा अपराध. सुरुवातीला तिची नजर कडेच्या दगडांवर अडकायची. वर्षभरात ती अशी वळायला लागली, की मागून बघताना मला टॅपेटचाही विसर पडे. गेल्या वर्षी आम्ही पाणपोईच्या वळणावर थांबलो. ती हेल्मेट काढून बराच वेळ रस्ता बघत राहिली.

"काका, ओव्हरटेक करणारा माणूस उजवीकडून जाणार ना?"

"हो."

"मग बाबा डाव्या कठड्याला कसे लागले? मधे तुम्ही होतात."

मीच तिला रस्ता वाचायला शिकवलं होतं. मी सगळं सांगितलं. तिने हेल्मेट चढवलं. "आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार," एवढं म्हणून ती एकटी खाली गेली. त्यानंतर रविवारी आली नाही.

मला अकरा महिने लागले. गेल्या महिन्यात भावजयीकडे गेलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बोलत असताना तिने एकही घडी थांबवली नाही. संपल्यावर म्हणाली, "भाऊजी, एकतीस वर्षं मी त्यांच्यावर चिडून काढली. पोरीला सांगत आले, तुझ्या बापाला धीर नव्हता. आता मी त्यांना काय सांगू?"

तिने मला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही. मी निघालो.

सांगून टाकलं की आवाज थांबेल, असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाणपोईपर्यंत गेलो. या वेळी टॅपेट मागे नव्हता, शेजारी होता, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. वळण संपल्यावर मी इंजिन बंद केलं. तो काही वेळ तसाच वाजत राहिला. मी म्हणालो, "धाकट्या, बसवायचा राहिला तो." मग दम लागला आणि खाली बसलो. त्यानंतर मी गाडी चालवलेली नाही.

मला त्याची भीती वाटत नाही. मी गेल्यावर तो कोणाच्या मागे जाईल, याची वाटते. पुतणीला कधी वळणात असा आवाज आला तर तिने मागे बघू नये. वेग आधीच कमी केलेला असावा, नजर रस्त्याच्या शेवटावर असावी. तो तिला काही करणार नाही. त्याला फक्त खाली यायचं आहे.

८. (हे कलम आज सह्यांच्या वेळी हाताने वाढवलं आहे.) साक्षीला डॉक्टरीणबाई आणि वेल्डर यांना बोलावलं होतं. वेल्डरने सही करण्याआधी भावजय आली. तिला पुतणीने आणून सोडलं, कसल्या गाडीवरून ते सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. पुतणी वर आली नाही, पण गाडी बंद करून खाली थांबली.

भावजयीने सगळे कागद वाचायला मागितले. वाचून झाल्यावर पेन मागितलं. वकीलबाईंनी तिला समजावलं, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्राने काही मिळत नाही, वर्कशॉप आणि खोल्या हातच्या जातील. वेल्डरने सही केली असती तर त्याची हत्यारंही गेली असती, हे मला तेव्हाच कळलं.

"जाऊ देत," ती म्हणाली. "चौकीतल्या त्या कागदावर बायको म्हणून माझी सही घेतली होती. वाचून दाखवलं, मी केली. आता याच्याखालीही माझीच पाहिजे."

वेल्डरने आपली खुर्ची तिला दिली आणि तो दाराशी उभा राहिला.

म्हणून कलम एकमध्ये भावजयीऐवजी पुतणीचं नाव धरावं. बाकी सर्व कायम.

ठिकाण: वर्कशॉपवरची मागची खोली.
तारीख: चौदा ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी साडेअकरा.

लिहून देणार: (सही) मोटरसायकल कारागीर.

आम्हा दोघींच्या समोर त्यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली.

साक्षीदार एक: (सही) डॉक्टर. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दोन: (सही) मृत चालकाची पत्नी. मजकूर मी स्वतः वाचला. कलम पाच दोनदा वाचलं.