वरचा पांढरा पट्टा

मी, गुणवंता तुळशीराम सोमकुवर, वय एकसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा सेवक, राहणार सौंसर, कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो की, पोटातल्या गाठीमुळे डॉक्टरांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. डोके शाबूत आहे.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी प्रमिला हिची. तिने कोणाच्या सांगण्यावरून घर विकू नये.

२. बोरगावची सहा संत्र्याची झाडे धाकटा भाऊ मधुकर याची.

३. उंदरांचा पिंजरा शेजारचे सुखदेव मास्तर यांना. वीस वर्षे त्यांनी मला 'उंदरांचा डॉक्टर' म्हणून हसून घेतले. त्यांच्या घरात उंदीर फार आहेत, हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत आहे.

४. माझी खासगी वही मधुकरची मुलगी जयश्री हिला. ती नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. वहीत काय आहे ते येथे सांगतो.

ज्या प्रयोगशाळेत मी होतो तिथे डासांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू साखरेच्या पाण्यात घालून यंत्रात फिरवत. नळीत दोन पांढरे पट्टे दिसत. खालचा भरलेल्या विषाणूंचा, तो साहेबांना लागे. वरचा नुसत्या टरफलांचा. शेंगेत दाणा नसावा तसे. त्याने रोग होत नाही. तो फिनाइलमध्ये ओतणे माझे काम.

मार्च १९७९ मध्ये एका पिंजऱ्याला मिठाचे पाणी टोचायचे होते. मी चुकून वरचा पट्टा टोचला. पुढे सर्वांना रोग दिला, तेव्हा त्या पिंजऱ्यातले बाराही उंदीर वाचले. मिठाचे पाणी टोचलेले उंदीर मरायलाच हवे होते, म्हणून साहेब भडकले. नोकरी जाईल या भीतीने मी रजिस्टरात 'उंदीर बदलले गेले' असे खोटे लिहिले. नंतर सुट्टीच्या दिवशी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा उंदीर जगले. याची लस होऊ शकते हे मला कळत होते. चतुर्थ श्रेणीच्या माणसाला कोण विचारतो, असे म्हणून मी गप्प बसलो.

सप्टेंबर १९८५ मध्ये जयश्रीचा भाऊ अरविंद मेंदूज्वराने गेला. अकरा वर्षांचा होता. तेरवीनंतर मी तिला वही दाखवली. ती म्हणाली, "मोठेबाबा, तुम्हाले मालूम होतं अन् तुम्ही चूप राहिले?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी बोललो असतो तरी लस इतक्यात झाली नसती. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मला लाज वाटते.

५. १९८३ मध्ये तो वरचा पट्टा, त्यात एखादा भरलेला विषाणू राहिला असेल म्हणून औषधाने निष्क्रिय करून, मी तीनदा स्वतःला टोचून घेतला. त्याने रक्तात रोगाला अडवणारे काही तयार झाले का ते तपासायला माझे रक्त जयश्रीला देतो. मेल्यावर ते बिघडेल, म्हणून हे कलम माझ्या जिवंतपणीच अमलात यावे. वकीलसाहेब म्हणाले, "काकाजी, असं मृत्युपत्र नसते." मी म्हटले, "नसन. तुम्ही लिहा."

आजच या मृत्युपत्राची नक्कल तिला रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे.

जयश्री, टोचण्याआधीचे रक्त मी ठेवले नाही आणि डास तर जन्मापासून चावतात, म्हणून पुरावा कच्चा आहे. तरी तपास. काही निघाले तर लिही, नाही निघाले तर तसेच लिही. राग ठेवूनच आलीस तरी चालेल. पण ये.

सही: गुणवंता तुळशीराम सोमकुवर

आमच्यासमक्ष सही केली:
१. दत्तात्रय कळंबे, शिक्षक, पांढुर्णा
२. उषा बागडे, परिचारिका, लोधीखेडा

सौंसर, दि. ३ ऑगस्ट १९८७