तळाचं माप

आधी, घडलं ते:

१. मंगळवार, ६ तारीख. सकाळी ८.४० वाजता चार नंबरच्या टाकीतली हवा मोजली गेली. आकडे स्वच्छ. परवान्यावर सही झाली.
२. ९.०५ ला वेल्डर आत उतरला. झाकणापाशी पहाऱ्याला माझा मोठा भाऊ होता.
३. ९.३० ला भावाने हाक मारली. उत्तर नाही. दोर ओढला. दोर हलला नाही.
४. ९.३२ ला भाऊ मास्कशिवाय आत उतरला. मास्क चाळीस पावलांवरच्या खोलीत होता.
५. १०.१० ला दोघांना बाहेर काढलं. दोघेही गेले होते.

हे लिहिणारी मी त्याच कारखान्यात हवा मोजणारी तंत्रज्ञ, वय एकोणतीस. डोकं ठिकाणावर आहे, नाडी बहात्तर आहे, कसलंही औषध चालू नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सोमवारी, १९ तारखेला सकाळी नऊ वाजता चौकशीसाठी मला त्याच टाकीत तळापर्यंत उतरायचं आहे. टाकी सहा तारखेपासून बंद आहे, आत काय साठलंय ते कुणालाच माहीत नाही. मास्क, दोर, पहारा सगळं असेल. मला मरायचं नाही. तरी मागची सोय लावून जावं म्हणून माझं हे पहिलं आणि तूर्त शेवटचं मृत्युपत्र.

कलम १. घरातला माझा वाटा बाबांना, बिनशर्त. पुढच्या कलमांशी त्याचा संबंध जोडू नये. घर दाखवून कुणाला वाकवायचं नाही. मागच्या खोलीचं दार फुगलंय, ते रंधा मारून घ्यावं. दादा करणार होता.

कलम २. बँकेतली शिल्लक वेल्डरच्या बायकोला. मी भेटायला गेले तेव्हा तिने दारातच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "पहाऱ्यावरच्याची बहीण." तिने मला आत बसवलं, पाणी दिलं. तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं कलम ५ मध्ये आहे. ते तिला आधी वाचून दाखवावं, घ्यायचं की नाही ते मग तिने ठरवावं.

कलम ३. माझी हत्यारांची पेटी पहाऱ्यावर जो नवा येईल त्याला. तळापर्यंतची हवा मोजता येईल अशी नऊ मीटरची नळी मी परवा स्वतःच्या पैशाने आणली आहे. ती चार नंबरच्या टाकीपाशीच टांगावी, कुणी उसनी नेऊ नये.

कलम ४. आत्याला माझी घडीची शिडी. जेवताना मी देवाचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, देव काय टाकी साफ करायला खाली उतरणार आहे का?" आणि स्वतःच हसली होती. ते मी विसरलेले नाही. पण तिच्या माळ्यावरचा दिवा तीन वर्षं बंद आहे आणि ती स्टुलावर स्टूल ठेवून चढते. शिडी वापरावी.

कलम ५. नावांबद्दल.

रोज संध्याकाळी ताटं वाढल्यावर बाबा घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. आजोबा, आजी, आई. सात तारखेलाही तीनच घेतली. मी विचारलं, "दादा?"

"तो जाणूनबुजून गेला. मास्कशिवाय उतरायचं नाही हा नियम त्याला पाठ होता. ही आत्महत्याच, आणि तिला नरक."

"देव कुठे असतो, बाबा?"

"कणाकणात. लहानपणापासून सांगतोय."

"नरकातल्या कणातही?"

"तिथे नाही. जिथे देव नाही त्यालाच नरक म्हणतात."

"कुणी बघितलंय?"

"ते बघावं लागत नाही. इथूनच कळतं. जेव आता, मापटं."

मापटं हे माझं दादाने ठेवलेलं नाव, मी सारखी काहीतरी मोजत असते म्हणून. त्या दिवशी बाबांनी ते वापरायला नको होतं.

आता जे मी काल चौकशी अधिकाऱ्यांना लेखी दिलं, ते. जड वायू तळाशी बसतो, म्हणून हवा तीन ठिकाणी मोजायची: वर, मध्ये, तळाशी. सहा तारखेला लांब नळी दुसऱ्या टाकीवर होती. आदल्या दिवशी टाकी धुतलेली होती. मी आखूड नळीने फक्त वर मोजलं आणि तोच आकडा तिन्ही रकान्यांत लिहिला. परवान्यावरची सही माझी आहे. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून वेल्डर उतरला आणि त्याला आणायला दादा. तो मरायला गेला नाही. आत माणूस होता म्हणून गेला.

तेव्हा बाबांच्या नियमाने कुणाचं नाव गाळायचं असेल तर ते माझं. मी परत आले नाही आणि माझं नाव घ्यावंसं वाटलं, तर आधी दादाचं घ्यावं. त्याचं घेता येत नसेल तर माझंही घेऊ नये.

बाबांना दुखवायला मी हे लिहीत नाही. वरून मोजून तळाचा रकाना भरला की काय होतं, ते मला माहीत आहे, एवढंच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी फोरमनकाकांनी करावी.

ठिकाण: कारखान्याचा दवाखाना, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: गुरुवार, १५
सही: (मुलगी, बहीण, तंत्रज्ञ)

साक्षीदार १: फोरमन. माझ्यासमोर सही केली. तिचा हात स्थिर होता.
साक्षीदार २: दवाखान्यातली नर्स. नाडी मी मोजली. लिहिताना बहात्तर, सही करताना एकशे चार.

बाबा, ही प्रत तुमच्यासाठी. घर तुमचंच आहे, उत्तर काहीही असो. दादा जिथे आहे असं तुम्ही म्हणता, तिथे देव आहे की नाही? एका शब्दात लिहिलंत तरी चालेल, फक्त या वेळी वरून सांगू नका. मी सोमवारी सकाळी आठला घरातून निघेन. कृपया रविवार, १८ तारखेला संध्याकाळी, ताटं वाढायच्या आधी कळवावं.